गुंठ्याला मिनिट

बसव्वा वांग्यांची पाटी घेऊन संघाच्या ऑफिसात शिरली, तेव्हा दीपमाला तिसऱ्या पाळीचा तक्ता छापायच्या बेतात होती. कागद प्रिंटरमध्ये घातलेला, बटण दाबायचं तेवढं राहिलेलं. बसव्वाने पाटी थेट कीबोर्डाशेजारी ठेवली आणि कॉम्प्युटरला हात जोडले.

"हे काय करायलीस बसव्वा?"

"नमस्कार घालायले. तुझ्या कांपुटरचे लई उपकार हायेत. तीस वर्सं अच्युतराव काकांनी मला नऊ मिनटं पाणी दिलं. नऊ गुंठ्याला नऊ मिनटं. दहावं मागितलं तर चष्म्यावरून बघायचे. ह्यानं न मागता छत्तीस दिली, दोन्ही पाळ्यांना! वांगी बघ कशी तट्ट झाल्यात."

वांगी खरंच बघण्यासारखी होती. पण दीपमालाच्या कानात नऊ आणि छत्तीस हे दोनच आकडे राहिले. तिने प्रिंटर बंद केला, बसव्वाला कसंबसं वाटेला लावलं आणि खुर्ची पुढे ओढली.

थोडं मागचं सांगायला हवं. कानडी मुलखात, बसवकल्याणकडच्या कोहिनूर गावापासून चारेक किलोमीटरवरच्या या गावात तलावावरून मोटारीने पाणी उचलून शिवारात देणारा एक संघ आहे. सभासद चौसष्ट. सरकारी कागद कानडीत, संघाची वही मराठीत, आणि भांडणं तिन्ही भाषांत, म्हणजे दखनी धरून. पाणी वाटायचा नियम मात्र एकच आणि तो शेंबड्या पोरालाही पाठ आहे: गुंठ्याला मिनिट. एकराचे गुंठे चाळीस, तेव्हा एकराला चाळीस मिनिटं. संघाचा पाणीवाला बंडेप्पा तक्ता बघून व्हॉल्व्ह उघडतो, घड्याळ बघून बंद करतो. हा तक्ता तीस वर्षं अच्युतरावांनी हाताने केला. ते गावच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा त्यांनी वही खाली ठेवली आणि संघाने कॉम्प्युटर घेतला. तो चालवायला माणूस हवा होता. भीमनगरातल्या बळीरामची दीपमाला कडगंचीच्या विद्यापीठातून कॉम्प्युटर शिकून नुकतीच घरी आली होती. तिला बसवलं. काही भुवया वर गेल्या, पण चेअरमन जगदेवप्पा म्हणाले, "काम येतं न्हाई का तिला? मग बास."

तिला काम येत होतं. तिने अच्युतरावांची वही आठवड्याभरात कॉम्प्युटरमध्ये उतरवली आणि एक छोटा प्रोग्राम लिहिला. पूर्वी दहा दिवस चालणारी महिन्याची पाळी नऊच दिवसांत संपायला लागली. जगदेवप्पांनी बसवकल्याणच्या बाजारात चार लोकांना थांबवून सांगितलं की आमच्या पोरीच्या मशिनीने वीज वाचवली. एक दिवस वाचला म्हणजे कुणाचं तरी एक दिवसाचं पाणी गेलं, हे त्या चार शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही. जगदेवप्पांनाही नाही, आणि खरं बोलायचं तर दीपमालालाही नाही.

आता तिने बसव्वाची ओळ उघडली. वहीत जसं होतं तसं तिने भरलं होतं: ०.९. अच्युतरावांची लिहायची रीत अशी की टिंबाच्या आधी एकर, टिंबानंतर गुंठे. शून्य एकर नऊ गुंठे. या भागात सगळेच असं लिहितात, तलाठ्यापासून सोयरिकीच्या बैठकीपर्यंत. पण कॉम्प्युटरला एकराचे गुंठे चाळीस असतात हे कुणी सांगितलं होतं? त्याने ०.९ म्हणजे एकराला दहावा हिस्सा कमी असं धरलं आणि छत्तीस मिनिटं देऊन टाकली.

मग तिने ती ओळ शोधली जी शोधायची तिला भीती वाटत होती. बळीराम, ०.३८. अडतीस गुंठे, म्हणजे एकराला दोनच कमी. कॉम्प्युटरने दिली होती पंधरा मिनिटं. त्याच्या लेखी बसव्वाचे नऊ गुंठे तिच्या बापाच्या अडतीस गुंठ्यांपेक्षा मोठे होते.

तिने यादी वरून खाली पाहिली. पूर्ण एकरवाल्यांना काही झालं नव्हतं. दोन-तीन एकर आणि वर काही गुंठे असणाऱ्यांची दहा-वीस मिनिटं गेली होती. तेवढी कुणाच्या लक्षात येत नाहीत. जगदेवप्पांचं क्षेत्र १२.५, म्हणजे बारा एकर पाच गुंठे. त्यांना उलट पंधरा मिनिटं जास्त मिळाली होती. आणि जे एकराच्या आतले होते, वीस गुंठे, तीस गुंठे, अडतीस गुंठे, त्यांचं निम्म्याहून जास्त पाणी गेलं होतं. असे अकरा जण होते. अकराच्या अकरा भीमनगरातले.

 तिने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या आळीचं पाणी तोडलं होतं आणि चेअरमनला वाढवून दिलं होतं. कुणी मुद्दाम करायला बसलं असतं तरी याहून नेमकं जमलं नसतं.

ऑफिसला कुलूप लावून ती सरळ वावरात गेली. दोन महिन्यांत ती तिकडे फिरकली नव्हती. हरभरा उभा होता, पण वावरात मधोमध रेघ मारल्यासारखं दिसत होतं. अलीकडचा हिस्सा हिरवा, गुडघ्याला लागणारा, घाटे धरलेला. पलीकडचा वीतभर, टोकाला पिवळा. बळीराम पलीकडच्या हिश्शात तण काढत बसला होता. तण तरी किती असणार तिथे, पाणीच नव्हतं तर.

"अप्पा, पाणी कमी पडायलंय का?"

"न्हाई गं. बरा हाय की हरभरा."

"हा बरा हाय?"

बळीरामने खुरपं बाजूला ठेवलं. "पंधरा मिनटात जेवढं भिजतंय तेवढं भिजवलं. सगळीकडं थोडं थोडं देऊन सगळंच वाळण्यापरीस अर्धं तर धरावं म्हणलं."

"तुमाला म्हायीत होतं? अडतीस मिनटं पाहिजेत ते?"

"गुंठ्याला मिनिट, हे कुणाला म्हायीत न्हाई?"

"मग सांगितलं कामून न्हाई?"

बळीरामने हाताची माती झटकली. "तक्त्याखाली तुझी सही हाय. मी बोंबललो असतो तर लोक म्हणले असते, घरचीच पोर बसलीय म्हणून बाप जास्तीचं मागायलाय. न्हाईतर म्हणले असते, बघा, ह्यांच्या पोरीला हिशेब येत न्हाई. दोन्हीकडून तुझंच नाव गेलं असतं. आणि तू शिकलेली. काही तरी विचार करूनच केलं असशील."

दीपमालाला राग आला. राग बापाचा होता, स्वतःचा होता, आणि त्या पिवळ्या हरभऱ्याचाही होता. भीमनगरातल्या बाकी दहा घरांनीही हेच केलं होतं, हे तिला न विचारता कळलं. आपली पोर खुर्चीवर बसलीय, तिला खाली बघायला लागू नये म्हणून अकरा घरं मुकाट्याने अर्ध्या पाण्यावर राहिली होती.

संध्याकाळी ती अच्युतरावांकडे गेली. ते ओसरीवर रेडिओ लावून बसले होते. तिने सगळं सांगितलं. त्यांनी रेडिओ बंद केला.

"चूक माझीच आहे," ते म्हणाले. "वही देताना तुला सांगायला हवं होतं, की बाई गं, हे टिंब ते टिंब नव्हे. पण पाण्याला ओलं म्हणतात हे कोणी कोणाला सांगतं का? मला वाटलं, तुला माहीतच आहे."

"मला माहीत होतंच की काका. मी याच गावची. ०.३८ वाचलं की मी अडतीस गुंठेच वाचते. टाइप करताना हात आपला चालत राहिला. मला माहीत होतं म्हणूनच मशिनीला सांगायचं राहिलं."

म्हातारा जरा पुढे सरकला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, तक्ता दुरुस्त कर आणि गुपचूप लाव. कोणी विचारलं तर सांग, तलावात पाणी बरं आहे म्हणून वाढवलं. दोन महिने कोणी बोललं नाही, आताही कोणी बोलणार नाही."

"आणि गेलेल्या दोन पाळ्या?"

"गेल्या त्या गेल्या."

"हरभरा घाट्यात आलाय काका. आठ दिवसांत भरपाईचं पाणी मिळालं तर पलीकडचा हिस्सा अजून हाताला लागंल. न्हाई मिळालं तर जनावराला घालायचा."

अच्युतराव कुरकुरत उठले आणि कपाटातून संघाच्या नियमांची वही घेऊन आले. चौदावा नियम त्यांनी स्वतःच लिहिला होता, तिप्पण्णा नावाच्या एका पाणीवाल्यासाठी. हा तिप्पण्णा शिंदी पिऊन ज्याने हाक मारली त्याचा व्हॉल्व्ह उघडायचा. नियम असा: संघाच्या माणसाच्या चुकीने पाणी कमी मिळालं तर भरपाईची पाळी द्यावी; पण ज्याचं पाणी गेलं त्याने स्वतः, चुकणाऱ्याचं नाव घालून, लेखी तक्रार केली पाहिजे. तोंडी चालणार नाही. आणि एकाच माणसाविरुद्ध पाचपेक्षा जास्त तक्रारी आल्या, तर त्याला कामावर ठेवायचं की नाही हे सभेने हात वर करून ठरवावं.

"तिप्पण्णाविरुद्ध सात आल्या होत्या," अच्युतराव म्हणाले. "गेला. तुझ्याविरुद्ध अकरा येतील. म्हणून म्हणतोय, गुपचूप लाव."

तिने वही मिटून परत दिली. रविवारी सभा होती. मधे तीन दिवस होते.

पहिल्या दिवशी तिने सोपा उपाय केला. टिंबानंतरचा भाग वेगळा काढायचा, शंभराने गुणायचं, झाले गुंठे. अडतीसचे अडतीस आले आणि तिला हायसं वाटलं. मग शिवशंकरप्पांची ओळ आली. त्यांचं क्षेत्र २.२, म्हणजे दोन एकर दोन गुंठे. मशिनीने त्यांचं दोन एकर वीस गुंठे करून टाकलं. खालीच दुसऱ्या एकाचं खरोखरचं २.२० होतं, आणि मशिनीला या दोघांत काही फरकच दिसत नव्हता.

तेव्हा कुठे तिला गोम कळली. तिच्या प्रोग्रामच्या भाषेत प्रत्येक व्हेरिएबलचा टाइप सांगावा लागतो. व्हेरिएबल म्हणजे नाव लावलेला डबा, आणि टाइप म्हणजे त्यात साखर भरायची की मीठ हे आधीच ठरवणं. भाषेने दिलेले टाइप मोजके: संख्या, मजकूर, तारीख, हो-नाही. तिने क्षेत्राच्या डब्याला 'संख्या' लावलं होतं. आणि संख्या म्हटलं की २.२० आणि २.२ एकच. अठरा गुंठ्यांचा फरक डब्यात पडतानाच मरत होता. नंतर कितीही गुणाकार करा, मेलेला फरक उठून बसत नाही.

'मजकूर' लावला तर फरक टिकत होता, पण मग बेरीज होईना. दोन क्षेत्रं मिळवायला गेलं की मशीन एका आकड्यापुढे दुसरा चिकटवून ठेवी. तिला असा डबा हवा होता जो वाचेल मजकुरासारखा, मिळवेल संख्येसारखा, आणि चाळीस झाले की एक एकर पुढे ढकलेल. असा टाइप भाषेत नव्हता. असणार तरी कसा? भाषा बनवणाऱ्यांनी गुंठा कुठे पाहिला होता?

दुसऱ्या दिवशी, भाषेची माहितीपानं उलटताना, तिला एक वरून जोडायचं मॉड्यूल सापडलं. त्याचं काम एवढंच की भाषेला नवीन टाइप शिकवायचे. तुम्ही त्याला चार गोष्टी सांगायच्या. आत येणारं कसं वाचायचं. काय आत घ्यायचं नाही. दोन मिळवायचे कसे. आणि बाहेर दाखवायचं कसं. बाकी भाषा तशीच राहते. तुमचा टाइप तिच्या पंगतीत बसतो, आणि बेरजेचं साधं चिन्हसुद्धा त्याच्यापुढे आलं की तुमच्या रीतीने वागतं.

तिने टाइपचं नाव ठेवलं एकरगुंठा. वाचताना टिंबाच्या डावीकडचे एकर, उजवीकडचे गुंठे, आणि दोन्हींचे मिळून आत ठेवायचे नुसते गुंठे. चाळीस किंवा त्याच्यावर गुंठे आले तर नाकारायचं आणि का नाकारलं ते सांगायचं. मग प्रोग्राममध्ये जिथे जिथे क्षेत्राला 'संख्या' लावलं होतं, तिथे तिने एकरगुंठा लिहिलं आणि प्रोग्राम चालवला.

तो चालला नाही. तिसऱ्याच ओळीला थांबला: एकरगुंठ्याला असं चाळीसने गुणता येत नाही. तिने ते बदललं. पुढे पुन्हा थांबला. सात जागी थांबला, आणि सातही जागी तिने क्षेत्राला साधी संख्या समजून काहीतरी करून ठेवलं होतं. दोन महिने हाच प्रोग्राम एक अक्षर न बोलता चालला होता. आता तो प्रत्येक चुकीला अडत होता, आणि दर वेळी तो अडला की दीपमालाला बरं वाटत होतं. शनिवारी दुपारी तिने २.२० आणि १.३० मिळवले. ४.१० आलं. चार एकर दहा गुंठे. गावातल्या कुठल्याही बाईने तोंडी सांगितलं असतं तेच उत्तर, पण मशिनीकडून ऐकायला तीन दिवस लागले होते.

रविवारी सकाळी ऑफिसच्या व्हरांड्यात सतरंज्या पडल्या. दीपमालाने कॉम्प्युटर टेबलासकट बाहेर काढायला लावला होता. चाळीसेक लोक आले होते. भीमनगरातले अकरा जण नेहमीप्रमाणे मागच्या बाजूला, भिंतीला टेकून. पार्वतीबाई, म्हणजे दीपमालाची आई, सभासद नव्हती. तरी ती आली आणि पायरीवर बसली.

दीपमाला उभी राहिली आणि तिने फिरवून फिरवून न सांगता सांगितलं. "दोन्ही पाळ्यांचे तक्ते चुकीचे होते. चूक वहीची न्हाई, काकांची न्हाई, बंडेप्पाची न्हाई. मी प्रोग्राम चुकीचा लिवला." मग तिने कुणाचं किती गेलं आणि कुणाला किती जास्त मिळालं ते नावं घेऊन वाचून दाखवलं. स्वतःच्या बापाचं नावही त्यात होतं आणि चेअरमनचंही.

"म्हणजे मीच पाणी चोरलं म्हण की!" जगदेवप्पा म्हणाले.

"तुमी न्हाई अण्णा. मशिनीनं दिलं, तुमच्या वावरानं पिलं."

लोक हसले. बसव्वा मधेच उठून म्हणाली, "मलाबी जास्तीचं मिळालं. मी वांगी दिली तिला. आता ती परत मागायची न्हाईत."

जगदेवप्पा हसले नाहीत. दीपमालाला म्हणाले, "अक्का, पहिला तक्ताबी मशिनीचाच होता. आता दुसरा आणायलीस, तोबी मशिनीचाच. आणि ह्या दुसऱ्यात तुमच्या भीमनगराचं पाणी दुपटीनं वाढायलंय. मी मानीन. पण उद्या कुणी म्हणलं, पोरीनं आपल्या लोकांचं करून घेतलं, तर मी काय सांगू?"

"तुमी स्वतः बसा. तुमी आकडा घाला."

जगदेवप्पांनी धोतर सावरलं आणि खुर्चीवर बसले. एका बोटाने त्यांनी स्वतःचं क्षेत्र टाइप केलं. मशिनीने चारशे पंच्याऐंशी मिनिटं दाखवली. त्यांनी बोटांवर हिशेब केला, मान हलवली. मग बळीरामचे अडतीस. अडतीस मिनिटं. मग एक बेरकी नजर दीपमालाकडे टाकून त्यांनी टाइप केलं ०.४५.

पडद्यावर लाल अक्षरं आली. त्यांनी मोठ्याने वाचली. "पंचेचाळीस गुंठे कसे? चाळीसला एकर होतो. वही पुन्हा बघा."

व्हरांडाभर हशा पिकला. "अच्युतराव, ही तर तुमच्यासारखीच बोलायली!" कुणीतरी ओरडलं. मास्तर चष्मा पुसत होते. त्यांना बरं वाटल्याचं लपत नव्हतं.

नवीन तक्ता मंजूर झाला. मग अच्युतरावांनी चौदावा नियम तोंडपाठ म्हणून दाखवला, कारण तो सभेत सांगणं भाग होतं. जगदेवप्पांनी तक्रारींची वही टेबलावर उघडून ठेवली. तिच्यात रकाने आखलेले होते: तक्रारदाराचं नाव, काय गेलं, कुणाविरुद्ध, सही.

"या," ते म्हणाले. "ज्यांचं गेलं त्यांनी लिवा. भरपाईची पाळी उद्यापासून सुरू करू."

दहा-वीस मिनिटं गेलेल्यांनी 'आमचं चालतंय' म्हणून हात झटकले. भिंतीला टेकलेल्यांपैकीही कुणी हललं नाही.

"या की! पाणी नको का?"

"आमची तक्रार न्हाई," त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला. "पोरगी हाय. झाली चूक. पुढं बरोबर मिळालं म्हंजे झालं."

"तक्रार न्हाई तर भरपाई न्हाई," जगदेवप्पा म्हणाले. त्यांना याचं सुख नव्हतं, पण नियम नियम होता.

"राहू द्या," बळीराम म्हणाला. "मी माझ्या पोरीच्या विरुद्ध सही करणार न्हाई. अर्धं वावर गेलं तर गेलं."

बाकीच्या दहांनी माना डोलावल्या. सगळ्यांना वाटलं, प्रकरण मिटलं. काही जण उठून चपला शोधायला लागले. आपल्याकडे असंच मिटतं. कुणीतरी आपलं नुकसान गिळून टाकतं आणि बाकीचे त्याला समजूतदार म्हणतात.

दीपमाला टेबलामागून पुढे आली. तिचा आवाज चढला होता आणि तिला तो आवरायचाही नव्हता.

"अप्पा, ही मशीन हाय. हिला बाप न्हाई, आळी न्हाई. तीन दिवस मी हिला एकच गोष्ट शिकवली, की चुकीचं दिसलं तर गप बसायचं न्हाई, थांबायचं आणि बोलायचं. ती शिकली. तुमाला पहिल्याच पाळीला कळलं होतं. त्याच दिवशी बोलला असतात तर दुसरी पाळी वाचली असती."

"तुझं नाव…"

"माझं नाव राखायला तुमी वावर वाळवलं. मला कुणी विचारलं? तुमाला वाटलं, पोरीला चूक दाखवली तर ती मोडून पडंल. हा भरवसा न्हाई अप्पा. भरवसा असता तर ऑफिसात येऊन माझ्या टेबलावर हात आपटला असतात. जगदेवप्पा अण्णांचं निम्मं पाणी गेलं असतं तर त्यांनी आपटला असता का न्हाई?"

"आपटला असता," जगदेवप्पा म्हणाले. "दोन्ही हात."

"त्यांना मी परकी, तरी ते मला विचारणार. आणि तुमी घरचे, तर तुमी विचारायचं न्हाई? मग मी ह्या खुर्चीवर बसून काय उपेग? अकरा घरांचं पाणी घालवून टिकायची असली तर ती नोकरी मला नको."

 चपला शोधणारे जिथल्या तिथे उभे होते. पार्वतीबाई पायरीवरून उठली, व्हरांड्यात आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"वावर माझ्या नावावर असतं तर मी कवाच सही केली असती," ती म्हणाली. "उठा."

बळीराम उठला. टेबलाजवळ यायला त्याला बराच वेळ लागला, किंवा दीपमालाला तसं वाटलं. ती वहीपुढे पेन घेऊन बसली.

"तक्रारदाराचं नाव?" तिने विचारलं. ती कुणालाही विचारेल तसंच.

"बळीराम. तुला म्हायीत न्हाई का?"

"सांगावं लागतंय. काय गेलं?"

"पाणी. पाळीला तेवीस मिनटं. दोन पाळ्यांची शेहेचाळीस."

हिशेब त्याच्या तोंडावर होता. दोन महिने तो हेच मनात घोकत होता, हे तिला त्याच्या सांगण्यावरून कळलं. तिने लिहिलं.

"कुणाविरुद्ध?"

बळीरामने एकदा लोकांकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग सावकाश, एकेक अक्षर सुटं करून म्हणाला, "दीपमाला. दीपमाला बळीराम."

तिने स्वतःचं नाव लिहिलं आणि वही त्याच्याकडे फिरवली. त्याने सही केली. अक्षर वळणदार आलं.

मग भिंतीपाशी हालचाल झाली आणि रांग लागली. दीपमालाने दहा वेळा तेच तीन प्रश्न विचारले आणि दहा वेळा स्वतःचं नाव लिहिलं. दोघांनी सही करताना तिच्याकडे बघितलं नाही. एका बाईने सही झाल्यावर तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

अकरा तक्रारी झाल्या. जगदेवप्पांनी वही मिटली आणि घसा खाकरला. "आता नियमाप्रमाणं दुसरं. हिला कामावर ठेवायचं का न्हाई? ठेवायचं म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

पहिला हात अच्युतरावांचा होता. बसव्वाने दोन्ही हात वर केले. तिला एकच मोजला जाईल असं सांगूनही तिने दुसरा खाली घेतला नाही. शिवशंकरप्पा, बंडेप्पा, मग एकेक करत सगळा व्हरांडा. तक्रार केलेल्यांपैकी दहांचे हात वर होते. जगदेवप्पा मोजत मोजत मागच्या भिंतीपर्यंत आले आणि थांबले. बळीरामचे दोन्ही हात मांडीवर होते.

"काय बळीराम? पोरीला काढायची म्हणायलास?"

"काढायची म्हणत न्हाई," बळीराम म्हणाला. त्याचा आवाज अख्ख्या व्हरांड्याला ऐकू गेला. एवढ्या मोठ्याने तो संघाच्या सभेत कधी बोललेला कुणालाच आठवत नव्हता. "पण माझी तक्रार हाय तिच्यावर. आधी माझी शेहेचाळीस मिनटं येऊ द्या. मग हात वर करतो."